हौदाकाठचे अंगठे

त्या दिवशी वारा अगदी पडला होता आणि माळावरचा दगड न् दगड चटके देत होता. आमची संस्था तिथल्या हौदात टँकरचं पाणी सोडते. हरणं, कोल्हे, मोकाट गुरं त्यावर उन्हाळा काढतात. वर्गणी संपली, म्हणून आम्ही शहरातल्या एका फाउंडेशनकडे अर्ज केला होता. अनुदान आलं नाही, तर आठवड्यात हौद कोरडा पडणार होता.

तपासणीला फाउंडेशनचे केळुसकर साहेब आले. कागद चाळून म्हणाले, "आबा, लाभार्थ्यांच्या सह्यांचा रकाना कोरा आहे. असं चालत नाही."

"साहेब, लाभार्थी जनावरं आहेत."

"फॉर्म सगळ्यांना सारखाच. सही येत नसेल, तर अंगठा घ्या."

मी बरं म्हटलं आणि त्यांना हौदापाशी नेलं. सांडलेल्या पाण्यानं भोवती चिखल झाला होता, त्यात खूर न् पंजे दाटीनं उमटले होते.

"हे घ्या अंगठे," मी म्हणालो. "आमच्यासारखेच अडाणी आहेत सगळे."

साहेब हटेनात. "यातला कुणाचा कोणता, हे मी कसं ओळखू?"

"अर्जावर माझाही अंगठाच आहे, साहेब. तो माझा, हे तुम्ही कसं ओळखलंत?"

साहेबांनी खिशातून पेन काढलं. मग त्यांनी रकान्यात काहीतरी लिहिलं आणि मला वाचून दाखवलं, 'प्रत्यक्ष पाहिले.'

चौथ्या दिवशी मंजुरी आली, तेव्हा शेजारची यमुनाक्का मला म्हणाली, "आबा, पुढच्या खेपेला आधार कार्ड मागितलं, तर कोल्ह्याला फोटोला बसवणार कोण?"