बिननेमणुकीचे मास्तर

“जो शिकवतो, त्यालाच अजून शिकायचंय?” नागझरीचे महाराज अर्ज फडकवत गरजले. “मग मास्तर, इतकी वर्षं पोरांना शिकवलंत तरी काय?”

दिगंबर मास्तरांना घाम फुटला. शहरात बहिऱ्या मुलांना शिकवण्याची नवी विद्या आली होती. महिनाभर तिथे राहून ती शिकून यावी, एवढंच त्यांच्या अर्जात होतं. पैसाही महाराजांच्या तिजोरीतला नव्हता. पेठेतला प्रत्येक दुकानदार बाजाराच्या दिवशी शाळेसाठी मूठभर धान्य देई, त्या मूठफंडातून हा खर्च व्हायचा होता. पण फंडावर शिक्का महाराजांचा, आणि महाराजांना त्यातून तबेल्यावर नवी कौलं घालायची होती. घोडे म्हणजे त्यांचा जीव की प्राण!

मास्तरांच्या मागे शाळेची शिपाईण शेवंता उभी होती. तिची मैना जन्मापासून बहिरी. आई रोज शाळेची घंटा वाजवी आणि मैना हलत्या घंटेकडे नुसती बघत राही. मास्तरांना अर्ज करायला तिनेच भरीला घातलं होतं.

“बरं, जा!” महाराज मिशीत हसले. “पण तीन अटी. शाळा एक दिवसही बंद राहता कामा नये. तुमच्या जागी दुसरा मास्तर नेमायचा नाही. आणि महिन्याने मी परीक्षा घेईन, तेव्हा पोरांना असं काहीतरी यायला हवं, जे खुद्द तुम्हाला येत नाही! एक जरी अट मोडली, तर यापुढे फंड तबेल्याला!”

मास्तर मान खाली घालून निघालेच होते. शेवंता पुढे झाली.

“कबूल, महाराज! पण एक विचारते. फंडात ज्याची मूठ, त्याने शाळेत कधीही येऊन बघावं, असा आपलाच नियम आहे. तो चालू आहे ना?”

“म्हणजे काय! आमचीसुद्धा मूठ आहे त्यात!”

मास्तर शहरात गेले. शेवंताने मुलांना एवढंच बजावलं, “कुणी बघायला आलं की विचारायचं, काका, आमच्या मास्तरांना येत नाही असं तुम्हाला काय येतं?”

झालं! पहिल्याच दिवशी सटवाजी कुंभार सहज डोकावला. प्रश्न ऐकून त्याची छाती अशी फुगली, की तो चाक आणायला घरी पळत गेला. दुसऱ्या दिवशी वैद्यबुवा आले, ते जेवण विसरून पाला ओळखायला शिकवत बसले. मग पेठेतून रांगच लागली. मास्तरापेक्षा आपल्याला जास्त कळतं, हे सांगायची संधी नागझरीत कोण सोडणार?

शाळा बंद पडल्याची बातमी काही येईना. शेवटी तिचं कुलूप स्वतःच्या डोळ्यांनी बघायला महाराज घोड्यावरून आले. मुलांनी त्यांना गराडा घातला आणि तोच प्रश्न विचारला.

“तुमच्या मास्तरांना?” महाराज टुणकन उतरले. “त्यांना घोड्याचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं, ते तरी कळतं का? इकडे या!”

त्यांनी घोड्याचा जबडा उघडला. कोणत्या वयात कोणता दात येतो, कुठला कसा झिजतो, ते दाखवता दाखवता दुपार उलटली. सगळ्यांत पुढे मैना. इथे कानांचं कामच नव्हतं! महाराज दात दाखवत, बोटांनी वर्षं सांगत आणि ती मान डोलवी. तिच्यासाठी महाराजांनी तबेल्यातून आणखी चार घोडे मागवले.

महिना भरला. मास्तर परतले. परीक्षेला महाराजांनी एक नवाकोरा, कुणी न पाहिलेला घोडा उभा केला. मैनाने जबडा उघडून बघितलं आणि सात बोटं वर केली.

“शाब्बास! सातच!” महाराज ओरडले. “मास्तर, तुम्ही सांगितलं असतं?”

“मी जवळसुद्धा गेलो नसतो, महाराज.”

तेवढ्यात महाराजांना अटी आठवल्या. “थांबा! तो कुंभार, तो वैद्य... शेवंते, तू दुसरे मास्तर नेमलेस! अट मोडली!”

“नेमलं कुणालाच नाही, महाराज. आपली मूठ कुठे जाते ते बघायला लोक आले, पोरांनी विचारलं, ते बोलत बसले. जो बोलत बसला तो नेमलेला मास्तर म्हणायचा, तर सगळ्यांत जास्त वेळ आपणच बसला होतात! मग काय, शाळेच्या शिपाईणीने महाराजांना नोकरीवर नेमलं, अशी दवंडी पिटू का?”

महाराज आधी लालबुंद झाले, मग असे खदखदून हसले, की घोडासुद्धा बिचकला.

“हरलो! दरवर्षी एक मास्तर फंडातून शिकायला जाईल. तबेल्याची कौलं आमच्या खर्चाने! आणि शेवंते, हा घोडा तुझ्या लेकीचा!”

मैनाने मास्तरांची बाही ओढली आणि आजवर कुणाला न कळलेल्या आपल्या खुणा हातांनी भराभर केल्या. शहरात खुणांची भाषा शिकून आलेल्या मास्तरांना त्या उमगल्या आणि त्यांनी खुणांनीच उत्तर दिलं. लेकीला आज पहिल्यांदा कुणाशी तरी बोलताना बघून शेवंताने पदर डोळ्यांना लावला.

“काय म्हणते पोर?” महाराजांनी विचारलं.

मास्तर जरा चाचरले. “विचारते आहे, महाराज... ते मिशीवाले मास्तर पुन्हा शिकवायला कधी येणार?”

“उद्याच!” महाराज हसत म्हणाले. “शेवंते, घंटा किती वाजता असते?”