फितीत अडकलेलं मशीन

साथीच्या वर्षी आमच्या गावातल्या गणपती मंडळांनी रोषणाईला फाटा दिला आणि वर्गणीतून सरकारी दवाखान्याला तपासणीचं मशीन घेऊन दिलं. तासाभरात रिपोर्ट! पण आमदार रणधीररावांना उद्घाटनाला सवड होईना, आणि त्यांच्याआधी फीत कापायची कुणाची छाती? मशीन लाल फितीत नटून बसलं आणि रोग्यांचे नमुने पुण्यालाच जात राहिले. रिपोर्ट येईपर्यंत माणूस एक तर बरा व्हायचा, नाहीतर जायचा.

एके दिवशी आमदारच धावत आले. "उद्या अधिवेशन आहे. रिपोर्टशिवाय आत घेत नाहीत. आत्ताच्या आत्ता तपासा!"

मेट्रन उजगरेबाई नम्रपणे म्हणाल्या, "पाठवते ना पुण्याला. चार दिवसांत येईल."

"अहो, मग ते मशीन कशाला आहे?"

"त्याचं उद्घाटन व्हायचंय, साहेब. तुमच्याच तारखेची वाट बघतोय."

"खड्ड्यात गेली ती फीत!"

बाईंनी तत्काळ फीत सोडली आणि आमदारांच्या नमुन्याबरोबर वॉर्डातलेही नमुने मशीनला लावले.

तासाभराने रिपोर्ट खिशात घालत आमदार म्हणाले, "उद्घाटनाला दिवाळीनंतर येतो."

"आता कशाला त्रास, साहेब? उद्घाटन झालं की! पहिली कांडी तुमच्याच नाकात गेली."