तांबटाच्या आईची पाटी

खूप जुन्या काळी, डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती तेव्हा, एका काळ्या डोंगराच्या पायथ्याशी नदीकाठी एक गाव होतं. त्या डोंगरात पातळ, काळ्या, गुळगुळीत पाट्या निघत. पाटीला एका रानवेलीचा चीक चोळायचा आणि उन्हात ती कुणासमोर धरायची. शंभर मोजेपर्यंत हलायचं नाही. मग समोरचं जे असेल ते पाटीवर उमटून राहायचं. झाड असेल तर झाड, माणूस असेल तर माणूस.

तुम्हाला नवल वाटतंय ना? त्या गावातल्या लोकांनाही रोज वाटायचं. ते काम कुणी पोटासाठी करत नसे. दिवसभराची कामं उरकली की हौस म्हणून करायचं. सुगी संपली की सगळे आपापल्या पाट्या घाटाच्या पायऱ्यांवर मांडत, आणि लहानथोर दिवसभर बघत हिंडत.

पाटीत एकच खोट होती. चीक वाळला की चित्रावर दुधावरच्या सायीसारखा पांढुरका थर धरायचा. तो ओल्या फडक्याने पुसावा लागे. पण पुसताना हात जरा जास्त चालला तर थरासोबत खालचंही थोडं निघून येई. कुणाच्या तरी ध्यानात आलं की नको असलेलं असंच काढून टाकता येतं. आणखी कुणी काजळी लावून नसलेलं आणून बसवलं.

मग प्रश्न पडला, पुसायचं तरी किती? ह्याचं उत्तर गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

गावात एक तांबट होता. भांड्यात तोंड दिसेपर्यंत घासल्याशिवाय त्याचा हात थांबत नसे. पाटीवरही तो तसाच चाले. एकदा त्याने म्हशीचं चित्र काढलं. आधी तिच्या अंगावरचा चिखल काढला, मग पाठीवरचा बगळा काढला, मग वाकडं शिंग सरळ केलं. गवळी पायरीवर उभा राहून खूप वेळ बघत राहिला.

"छान आहे रे," तो म्हणाला. "कुणाची म्हैस?"

"तुझीच की," तांबट म्हणाला.

तांबटाच्या शेजारी साळी राहायचा. त्याचं म्हणणं असं, की एकदा विणलेला धागा उसवायचा नसतो. पाटीवर जे आलं ते आलं. तो सायीला बोटही लावत नसे.

"साळीदादा, हे काय काढलंय?" तांबट विचारायचा.

"माझं घर."

"असं होय. मला वाटलं, धुकं पडलंय."

"धुकं तर धुकं. माझ्या पाटीत खोटं काही नाही."

"खरंही काही दिसत नाही, दादा."

दोघं असे भांडायचे आणि भांडून झालं की एकाच पानदानातलं पान खायचे.

तांबटाची आई फार म्हातारी होती. तिच्या डाव्या गालावर भट्टीची ठिणगी उडून पडलेला डाग होता. एका कानाची पाळी जड कुडीने ओघळून फाटली होती. तोंडभर सुरकुत्या होत्या. तांबटाने तिची पाटी केली तेव्हा त्याला वाटलं, हिने किती सोसलं आहे, ते सगळं पुसून टाकावं. त्याने सुरकुत्या काढल्या, डाग काढला, कान सांधला, केस काजळीने काळे केले. मायेनेच केलं त्याने. ती पाटी पायरीवर लागली तेव्हा सगळ्या गावाने माना डोलावल्या.

त्याच सुगीत साळ्यानेही तिची पाटी धरली होती. ती त्याच्या मागाजवळ सूत उकलत बसली होती तेव्हाची. पण पाटीवर साय जशीच्या तशी. त्या पाटीकडे कुणी दोनदा बघितलं नाही.

पुढे म्हातारीला विसर पडायला लागला. घराचं दार चुकायचं, गावाचं नाव आठवायचं नाही. एका सकाळी ती घराबाहेर पडली आणि परत आलीच नाही. तांबटाने विहिरी बघितल्या, रान बघितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी नावाडी म्हणाला, "अरे, बाजाराच्या गर्दीत काल एक म्हातारी माझ्या नावेतून पलीकडे गेली. परत आलेली मात्र बघितली नाही."

पलीकडचा बाजार केव्हाच उठला होता. तिथे आता एकच तांडा उरला होता, बैलांवर मिठाच्या गोण्या लादून मुलुख हिंडणाऱ्यांचा. ऊन उतरलं की ते पुढे निघणार होते. कुठे, ते कुणाला माहीत नव्हतं. एकदा गेलेला तांडा पुन्हा त्याच वाटेने येईलच असं नसे.

तांबट आपली पाटी घेऊन धावला. साळीही आपली पाटी काखेत मारून निघाला.

तांड्याची बोली अगदी परकी होती. ह्यांचा शब्द त्यांना कळेना, त्यांचा ह्यांना. पालं चाळीसेक होती, आणि परक्या बायकांच्या पालांत डोकावणं काही बरं नव्हे. तांबटाने हाका मारल्या, पण कुठूनच ओ आली नाही. तांड्याची म्होरकी एक उंच, वयस्क बाई होती. तांबटाने पाटी तिच्यापुढे धरली आणि हात जोडले.

बाईने पाटी उन्हात नेऊन नीट बघितली. पाटीवर काळ्याभोर केसांची, तुकतुकीत गालांची बाई होती. म्होरकीने आणखी दोघींना बोलावून दाखवलं. तिघींनी मान हलवली. असं कुणी आमच्यात नाही.

मग साळ्याने आपली पाटी दिली. बाईने ती उलटी केली, सुलटी केली, बोटाने वाजवून पाहिली. मग हसून भाकरी थापल्याची खूण केली. तिला तो तवा वाटला होता.

दोघं नदीकाठी येऊन बसले. मागे तांड्याचे लोक पालं सोडवत होते. बैलांच्या घंटा वाजायला लागल्या होत्या.

त्या काठाला सपाट खडक होते, म्हणून गावची परटीण धुणं तिकडेच नेत असे. ती पिळे सोडून जवळ आली.

"काय रे लेकांनो, असे का बसलात?"

साळ्याने सगळं सांगितलं. तिने तांबटाची पाटी बघितली आणि खाली ठेवली. मग साळ्याची उचलली.

"ह्यात आहे का ह्याची आई?"

"आहे," साळी म्हणाला. "मी स्वतः धरली होती. शंभर मोजेपर्यंत हललो नाही."

परटिणीने पदराचं टोक नदीत बुडवलं.

"मावशी, पुसू नकोस," साळी म्हणाला. "ही एकच पाटी खरी आहे. हात लावलास की खोटी होईल."

"साळीदादा, तुझं धोतर मी आठवड्याला धुते. ते कधी दुसऱ्याचं झालं का?"



ती हळूहळू पुसू लागली. एक बोट फिरवायची, थांबायची, उन्हात धरून बघायची. साय विरघळली तसं आधी मागाचं लाकूड दिसलं, मग हातातलं सूत, मग चेहरा. सुरकुत्या वर आल्या. फाटका कान दिसला. गालावरचा डाग उमटला.

तांबट वाकून बघत होता. सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "मावशी, तेवढा गालावरचा डाग अजून थोडा पूस."

परटिणीचा हात थांबला.

"हा डाग पाटीला पडलाय, की तुझ्या आईला?"

तांबट म्हणाला, "आईला."

"मग तो माझ्या कामाचा नाही," ती म्हणाली आणि पाटी त्याच्या हातात दिली. "पळ आता."

तांबट धावत गेला तेव्हा पुढचे बैल चालू लागले होते. म्होरकीने चालता चालता पाटी घेतली. ती थबकली. तिने स्वतःच्या डाव्या गालाला बोट लावलं, मग कानाच्या पाळीला. मग मागे वळून तिने मोठ्याने हाक मारली, आणि सगळा तांडा थांबला.

शेवटून तिसऱ्या बैलावर, दोन गोण्यांच्या मध्ये घोंगडी अंथरून, तांबटाची आई बसली होती. वाटेत भटकताना सापडली म्हणून त्या लोकांनी तिला सांभाळलं होतं, दूध पाजलं होतं. तिचं गाव विचारायला त्यांच्याकडे शब्द नव्हते, आणि सांगायला तिला गाव आठवत नव्हतं.

तिने तांबटाकडे बघितलं आणि म्हणाली, "जेवलास का?"

तांबटाने तिला पाठीवर घेऊन नदीपर्यंत आणलं. साळी मागून तिची काठी घेऊन आला.

घरी आल्यावर तांबट आपली जुनी पाटी फोडायला निघाला, तेव्हा आईनेच त्याचा हात धरला. ती पाटी तिने बराच वेळ न्याहाळली.

"राहू दे," ती म्हणाली. "बाई चांगली आहे. फक्त मी नाही."

त्या वर्षापासून घाटावर दोन पायऱ्या वेगळ्या झाल्या. एका पायरीवर डोळ्यांनी पाहिलेलं मांडायचं, दुसरीवर मनाने रचलेलं. तांबटाच्या चकचकीत पाट्या दुसऱ्या पायरीवर लागायच्या आणि तिथे गर्दी व्हायची, कारण त्या देखण्या होत्या आणि आता त्या कुणाला फसवत नव्हत्या. पहिल्या पायरीवर साळी आपल्या पाट्या मांडायचा. तो साय पुसायला शिकला होता. त्याचं घर लोकांना पहिल्यांदाच दिसलं, आणि चांगलं निघालं.

पुसायचं किती, ह्यावर पोरं अजूनही वाद घालत. आभाळ फिकं आलं तर गडद करावं का? पाटीच्या काठावर आलेलं अर्धं झाड कापावं का? सगळी उत्तरं परटिणीलाही येत नसत. ती म्हणायची, "बाळांनो, मलाही दर वेळी थांबून बघावं लागतं. हात लावण्याआधी एवढंच विचारा, हे पाटीचं आहे की तिच्यातल्याचं?"

आता तशा पाट्या घराघरांत, खिशाखिशांत आल्या आहेत, आणि बोट फिरवलं की त्यांवरचं काहीही निघून जातं. म्हणून सांगतो, पाटीवरचा मळ जरूर पुसावा, पण माणसाची खूण पुसू नये.