घोड्याच्या मानेवरचा डाग

गाव अगदी साधंच होतं, पण त्यात एक चितारी होता आणि एक कातारी. चितारी कोळशाने आणि रंगीत खडूंनी चित्रं काढायचा. कातारी लाकूड कातून खेळणी घडवायचा. दोघांची मैत्री अशी, की रोज संध्याकाळी चितारीच्या ओसरीवर बुद्धिबळाचा डाव पडायचाच. सोंगट्या अर्थातच कातारीच्या हातच्या.

एकदा काय झालं, चितारीने आपल्या पांढऱ्या घोड्याला हात घातला आणि त्याच्या लक्षात आलं, घोडा हलला की वजीर जातोय! त्याने झटकन हात मागे घेतला आणि प्यादं सरकवलं.

"अंहं! घोड्याला हात लावलास. आता घोडाच चालव," कातारी म्हणाला.

"कुठे लावला? उगाच काहीतरी!"

"लावलास, मी बघितलं."

"नाही लावला. तुझे डोळे गेलेत!"

आता सांगा, बारीक नक्षीकामावर पोट भरणाऱ्या माणसाला असं बोलावं का? कातारी उठला, वहाणा पायात सरकवल्या आणि निघून गेला. डाव तसाच मांडलेला राहिला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही, मग आलाच नाही.

चितारीला करमेना. संध्याकाळ झाली की त्याचे कान वहाणांच्या आवाजाकडे लागायचे. कातारीचं घर काही लांब नव्हतं. दोन घरं सरळ जायचं, वळलं की त्याचं दार. पण जायचं कोणत्या तोंडाने?

मग चितारीने युक्ती काढली. पटावरची एकेक सोंगटी उचलून तो तिचं चित्र काढायचा, सोंगटी परत तिच्या घरात ठेवायचा आणि चित्र ओसरीवर टांगायचा. आपल्या सोंगट्या बघायला तरी मित्र थांबेल, असं त्याला वाटायचं. कोळशाचा राजा झाला, हत्ती झाला, उंटावर लाल खडू फिरला. सगळं गाव बघून गेलं. कातारी मात्र मान खाली घालून पुढे जायचा.

"अहो, चित्रं कसली टांगताय?" बायको म्हणाली. "आठवण येते ना? मग जा की!"

"त्याने यावं," चितारी पुटपुटला.

शेवटी पांढरा घोडा राहिला. चितारीने तो उजेडात धरला आणि चपापला. मानेवर बोटाचा काळा ठसा होता. कोळशाने माखलेलं बोट गावात दुसऱ्या कुणाचं असणार?

पुसला असता तर डाग गेला असता. मग चित्रही देखणं झालं असतं आणि आपणच खरे! त्याने धोतराचं टोक ओलं केलंसुद्धा. पण समोर कातारी बसायचा त्या रिकाम्या पाटाकडे बघून त्याचा हात थांबला. खरं ठरून करायचं काय? त्याचे डोळे भरून आले.

त्याने घोडा काढला, डागासकट. चित्र टांगलं नाही. काखेत मारलं आणि थेट कातारीच्या दारात उभा राहिला.

"हात लावला होता रे मी."

कातारीने चित्रातल्या डागावर बोट ठेवलं. मग हसला. "दोन घरं सरळ आणि वळून माझ्या दारी. लेका, अडीच घरं चालायला किती दिवस लावलेस! मी रोज वाट बघत होतो."

त्या संध्याकाळी चितारीने घोडा चालवला. कातारीने लगेच त्याचा वजीर मारला. इतक्या आनंदाने वजीर त्या गावात कुणी घालवला नसेल.

तात्पर्य एवढंच: ज्याची आठवण येते, त्याच्या दारी आपली चूक घेऊन आपणच जावं; खरं ठरण्याच्या हट्टापायी समोरचा पाट रिकामा राहतो.