आठपाया का बसत नाही

एका राज्यात, म्हणजे तुमच्या त्या मोबाइलवरच्या खेळात पाचव्या टप्प्यावर आठपाया राक्षस तुम्हाला तुडवतो ना, त्याच राज्यात, गोंदाजी नावाचा द्वारपाल होता. राज्याचं नाव विचारू नका, नकाशा उंदरांनी खाल्ला.

गोंदाजीचं काम एवढंच. राजवाड्याच्या दाराशी आलेल्याला "बसा" म्हणायचं, गूळपाणी द्यायचं. पण गूळ तोच खाई, आणि पाहुण्यांना उन्हात उभं करून त्यांचे लटपटते पाय बघत हसे. नाकं मुरडू नका, तुम्हीही हसला असता.

एके दुपारी तीन डोंगर ओलांडून एक चेटकीण आली.

"टेकू का, बाबा?"

"राजे जेवताहेत. उभी राहा, आजीबाई."

ऊन उतरेपर्यंत ती उभी राहिली. मग म्हणाली, "आता तू चाल. नदीच्या पुलावर, इकडून तिकडे. कुणी आपणहून 'बस' म्हणून गूळपाणी दिलं, तरच थांबशील. मागितलंस, तर कधीच नाही."

गोंदाजीला आठ पाय फुटले, अंगावर खवले आले, आणि तो चालू लागला. जेवण चालता चालता, झोपही चालता चालता. पूल झिजू लागला.

पुलावरची साळुंकी रोज टोचे, "आठपाया, पूल पापडाएवढा उरला. तुटला की नदीच्या तळाशी चालशील, जग बुडेपर्यंत. तिथं 'बस' कोण म्हणणार, मासे?"

पहिला आला सरदार. "लढ!"

"लढतो. पण इथला दगड काय गार आहे हो!" आठपायाने सुचवून पाहिलं. सरदाराने भाला फेकला, तो नदीत गेला. मागोमाग सरदारही.

दुसरा आला मांत्रिक. "थांब, नाहीतर भस्म करीन!" केलंही. स्वतःच्या दाढीचं.

तिसरी आली तुळसा कुंभारीण, डोक्यावर पाच मडकी.

"अरे मुडद्या, किती हलवतोस पूल! मडकी फुटतील माझी. बस बघू खाली!"

आठही पाय थरथरले, पण थांबेनात. पुलाचा एक दगड निखळून नदीत पडला. गूळपाणी राहिलं होतं, आणि मागायची तर सोय नव्हती. आठपायाने दात आवळले.

तुळसाने त्याच्याकडे नीट पाहिलं. "धाप लागलीय की रे तुला." तिने मडकी उतरवली, पदराची गाठ सोडली. "आधी गूळ खा, मग पाणी. उन्हातून नुसतं पाणी पिऊ नये."

गूळ विरघळला, पाणी उतरलं. एकेक करत पाय मिटले, आणि पुलावर टक्कल पडलेला गोंदाजी हुंदके देत होता.

"आता रडत काय बसलास?"

"बसलो ना, म्हणून."

पूल पुन्हा बांधला. गोंदाजी दाराशी परतला. आता खुद्द राजालाही तो गूळ खाल्ल्याशिवाय आत सोडत नाही, मग घाई असो वा शत्रू आलेला असो.

खेळवाल्यांनी मात्र त्याला अजून चालतंच ठेवलंय. तेव्हा पुलावर पोचलात की तलवार म्यान करा, शिदोरीतला गूळ काढा, आणि तो मागायच्या आत "बस" म्हणा.

आणि हे सगळं उभ्यानंच वाचलंत की काय? बसा हो.