तोडखूण घासणारा पारखी

डोंगरापायथ्याच्या एका गावात पूर्वी काचेच्या भट्ट्या पेटायच्या. पुढे भट्ट्या विझल्या, कारागीर गेले आणि मागे उरला एक काचपारखी. लोक माळ्यावरच्या अडगळीतून जुन्या गोट्या शोधून आणायचे, कागद उडू नयेत म्हणून ठेवतात ते काचेचे गोळे आणायचे आणि त्याला विचारायचे, "बघा हो, हा हातचा की साच्यातला?"

पारखी घाई करत नसे. गोळा ओल्या फडक्याने पुसायचा, उजेडात धरून आतले बुडबुडे बघायचा आणि मग डोळे मिटून त्यावर अंगठा फिरवायचा. हातचा गोळा तापलेल्या सळईच्या टोकावर घडतो आणि शेवटी सळईवरून तोडावा लागतो. तोडतात तिथे तिळाएवढा खरखरीत वण राहतो. गावात त्याला तोडखूण म्हणत, पण ती नेमकी ओळखणारा आता पारखीच उरला होता. साच्यातून निघालेल्या मालाला असला वण नसतो, तो सगळीकडून सारखाच गुळगुळीत. अंगठ्याला वण लागला की पारखी म्हणायचा, "हातचा." नाही लागला तर म्हणायचा, "साच्यातला." त्याचा शब्द म्हणजे गावाला काळ्या दगडावरची रेघ होती.

एके दुपारी एक म्हातारी कासारीण बांगड्यांची टोपली घेऊन आली. तिने पदराखालून एक गोळा काढला.

"दादा, एवढं बघता का? माझा बाप भट्टीतली राख उचलायचा. मी सहा वर्षांची असताना तापाने गेला. जाताना हे माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, 'मी केलंय गं. आत तू आहेस.' गाव हसलं. राख उचलणाऱ्याला कुठली आली कारागिरी? बाजारातला गोळा आणला आणि मरताना लेकीला थाप मारली म्हणे! साठ वर्षं ऐकतेय. आता माझंही भरत आलंय. बाप माझ्याशी खोटं बोलला का, तेवढं सांगा."

पारख्याने गोळा उजेडात धरला. आत एक पांढरी, बोटाच्या पेराएवढी मुलगी होती. दोन वेण्या, त्यातली एक सुटलेली. डोळे मिटलेले. त्याने अंगठा फिरवला आणि तळाशी तोडखूण लागली, चांगली ठसठशीत.

पारख्याला स्वतःलाही जुने गोळे जमवायचा नाद होता, पण असा गोळा त्याच्या कपाटात नव्हता. त्याच्या आज्याच्याही कपाटात नव्हता. पारख्याच्या तोंडाला पाणी सुटलं. खरं सांगितलं तर म्हातारी तो उराशी धरून घरी नेणार, हे त्याला दिसत होतं.

"मावशी," तो म्हणाला, "साच्यातला आहे."

कासारणीने गोळ्याकडे पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाली, "मग राहू द्या इथेच. घरात नको आता." तिने टोपली उचलली आणि ती निघून गेली. मला विचाराल तर पारख्याने तेव्हाच तिच्यामागे धावायला हवं होतं. पण लोभी माणसाचे पाय अशा वेळी जड होतात.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं त्याचं झालं. उद्या म्हातारी दुसऱ्या गावचा पारखी घेऊन आली तर? त्याने सहाण घेतली, बारीक वाळू आणि पाणी घेतलं आणि तोडखूण घासायला बसला. घासता घासता गोळ्याच्या आतून आवाज आला. दुखलं तरी रडायचं नाही असं ठरवलेलं मूल दातांतून श्वास ओढतं, तसा. सहाणच करकरतेय, असं त्याने मनाला सांगितलं आणि घासत राहिला. खूण गेली. गोळा कपाटात गेला.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना त्याला दिसलं, लहानपणी गुडघ्यावर पडलेला व्रण नाहीसा झालाय. त्याला बरंच वाटलं. मग हनुवटीवरचा तीळ गेला. मग तळहातावरच्या रेषा गेल्या आणि तळवा फरशीसारखा सपाट झाला. तो घाबरून कपाटापाशी गेला. आतल्या मुलीचे डोळे उघडे होते. त्याने गोळा फिरवून तिचं तोंड भिंतीकडे केलं. सकाळी ती पुन्हा त्याच्याकडे बघत होती.

दहा दिवसांत पारख्याच्या चेहऱ्याचं असं झालं की बघणाऱ्याला तो दिसायचा, पण मान वळवली की आठवायचा नाही. भर दुपारी तो जेवायला पाटावर बसला, तर त्याची स्वतःची बायको दारातच थबकली.

"कोण पाहिजे तुम्हाला?"

"अगं, मी!"

"आमचे हे घरी नाहीत. ते आल्यावर या," ती पदर सावरत म्हणाली आणि शेजारणीला हाक मारायला निघाली.

पारख्याची पाचावर धारण बसली. त्याने गोळा उचलला आणि तो धावतच कासारणीच्या घरी गेला. ती अंथरुणाला खिळली होती.

"मावशी, हा गोळा हातचा आहे! तुमच्या वडिलांनीच केलाय. ते खोटं बोलले नाहीत!"

म्हातारीचा चेहरा क्षणभर उजळला. तिने बोटांनी गोळा चाचपला. "मग तोडखूण कुठंय?"

"ती मी घासली. मला हा हवा होता म्हणून घासली. मीच तो पारखी."

तिने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"पारख्याला मी ओळखते, बाबा. तुम्ही ते नव्हे. आणि ते कधी खोटं बोलत नाहीत. वाईट होतं तेही त्यांनी माझ्या तोंडावर सांगितलं. तुम्ही कुणी भले दिसता, म्हातारीचं मन राखायला आलात. पण असली खोटी समजूत नको मला."

तो रडला, त्याने शपथा घेतल्या, तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गोळा त्याच्याकडे परत सरकवला. चार दिवसांनी ती गेली. बाप आपल्याशी खोटं बोलला, असं मानूनच गेली.

तात्पर्य एवढंच: दुसऱ्याच्या खरेपणाची खूण पुसू नये. पुढे पस्तावून खरं बोलायला गेलं, तरी ते पटवायला खूणही उरत नाही आणि आपणही उरत नाही.