तान्हूबाईनं गिळलेलं निळं तीर्थ

विषय : मौजे आडवली येथील तान्हूबाई सुईण हिने सुनेच्या वाटचे दिव्य केल्याबाबत.

फार वर्षांपूर्वी आडवलीत चोऱ्या कमी आणि चोर पकडायची हौस दांडगी होती. कुणावर आळ आला की गुरव तीर्थात मोरचुदाचा निळा खडा विरघळवी आणि त्याला पाजी. उलटी झाली तो चोर. उलटी न झालेला माणूस गावानं कधी पाहिला नव्हता, म्हणून देवी फार जागृत समजली जाई. काही जण त्यात दगावले. त्यांची चोरी मोठी असणार, असं गावाचं मत पडलं.

एकदा देवीची नथ हरवली. देऊळ सारवायला तान्हूबाईची सून गोदी जायची, तेव्हा गावच्या पाटलांनी आळ तिच्यावर घेतला. गोदीचे दिवस भरत आले होते. तान्हूबाई पुढं झाली.

"हिच्या वाटचं मी घेते."

"अशी रीत नाही, म्हातारे," रंगराव पाटील म्हणाले.

"तू पायाळू आलास, रंग्या. तेव्हा मी रीत विचारत बसले असते तर?"

पाटलांनी गुरवाला पेला पुढं करायची खूण केली. तान्हूबाईनं पेला तोंडाला लावला. तोंडात तांब्याची चव उतरली, पोटात आग पडली, घशाशी कढ आले. उलटी झाली असती तर विष बाहेर पडलं असतं, पण गोदी चोर ठरली असती. तिनं दात आवळले आणि आलेलं परत गिळलं. ऊन कलेपर्यंत ती उभी होती. तिथलं गवत अजून निळसर उगवतं, असं म्हणतात. श्रद्धा असली की दिसतं.

"सुटली गोदी!" पाटील ओरडले.

"आता उरलेलं तू घे. आळ तूच घेतलास ना?"

पाटलांनी पेला नुसता हुंगला आणि देवळातच ओकले. त्या दिवशी दिव्य बंद झालं. नथ पुढं देवीच्या जुन्या लुगड्यात सापडली.

तान्हूबाईचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. तशातच तिनं गोदीची सुटका केली, नातीला मधाचं बोट चाटवलं आणि आडवी झाली, ती उठली नाही.

आजही आडवलीत कुणावर आळ घ्यायचा तर आधी स्वतः तान्हूबाईच्या नावानं भर देवळात पेलाभर पाणी प्यावं लागतं. पाणी साधंच असतं. तरी बहुतेक तक्रारी पेला पाहूनच मिटतात.

आरोग्य उपकेंद्रातल्या बाळंतखोलीला तिचं नाव द्यावं, असा गावाचा अर्ज आहे. मृत्यूचा दाखला जोडला नाही म्हणून तो एकदा परत आला. गावानं तो पुन्हा पाठवला. अर्ज प्रलंबित आहे.